पायथन सोर्समधून बिल्ड करताना: पर्याय काय दिले आणि हाती काय आलं

प्रश्न थोडक्यात असा आहे. उबंटू २४.०४ च्या सर्व्हरवर पायथन ३.१२.३ आधीपासून आहे. एका ॲप्लिकेशनला ३.१२.८ हवं होतं, म्हणून सोर्स उतरवून घेतला आणि कॉन्फिगरला (बिल्डची तयारी करणाऱ्या स्क्रिप्टला) ठिकठिकाणी वाचलेले पर्याय दिले: एनेबल-शेअर्ड, एनेबल-ऑप्टिमायझेशन्स, शिवाय सीफ्लॅग्जमध्ये (कंपाइलरला द्यायच्या सूचनांत) मार्च-नेटिव्ह. बिल्ड एकाही एररशिवाय पूर्ण झालं. पण आता पिप (पॅकेजं बसवणारं साधन) सांगतंय की सुरक्षित जोडणीसाठी लागणारं एसएसएल मॉड्यूल उपलब्धच नाही, आणि नव्या पायथनला आवृत्ती विचारली तर ते ३.१२.३ म्हणतंय. चुकलं कुठे, आणि मुळात कोणते पर्याय द्यावेत?

दोन तक्रारी वेगळ्या दिसत असल्या तरी मूळ एकच आहे. कॉन्फिगरला आपण जे सांगतो ते निम्मंच असतं. उरलेलं निम्मं तो मशीनकडे बघून स्वतः ठरवतो, आणि ठरवलेलं आपल्याला ओरडून सांगत नाही. तुम्ही दिलेले पर्याय तुम्हाला पाठ आहेत, पण कॉन्फिगरने काय ठरवलं ते तुम्ही वाचलेलं नाही. मी गेली कित्येक वर्षं सर्व्हरवर इंटरप्रिटर बिल्ड करून देते आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक अडचणी याच जागेवरच्या असतात. (पर्यायांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिते आहे, टर्मिनलवर अर्थात रोमन अक्षरांतच टाइप करायची.)

आधी एसएसएलचं बघू. पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीतली काही मॉड्यूल्स बाहेरच्या सी लायब्ररींवर उभी आहेत. एसएसएलला ओपनएसएसएल लागतं, सीटाइप्सला लिबएफएफआय, एसक्यूलाइट३ ला एसक्यूलाइट, तसंच झेडलिब, बीझेड२, एलझेडएमए, रीडलाइन. चालवण्यापुरती लायब्ररी सर्व्हरवर असतेच, पण बिल्डसाठी तिच्या हेडर फाइलीही (लायब्ररीत कोणती फंक्शन्स आहेत ते कंपाइलरला सांगणाऱ्या) लागतात, आणि त्या उबंटू-डेबियनमध्ये वेगळ्या 'डेव्ह' पॅकेजात असतात. हेडर सापडल्या नाहीत तर कॉन्फिगर ते मॉड्यूल वगळतो आणि पुढे जातो. हे मुद्दाम तसं ठेवलेलं आहे, कारण एखाद्या छोट्या उपकरणावर कुणाला खरोखरच एसएसएलविना पायथन हवं असू शकतं. त्यामुळे एखादं मॉड्यूल गळालं म्हणून बिल्ड थांबत नाही.

मात्र मेक (प्रत्यक्ष बांधणी करणारी कमांड) संपताना शेवटच्या काही ओळींत त्याने तुम्हाला सांगितलं होतं. 'ही ऐच्छिक मॉड्यूल्स बांधायला लागणाऱ्या गोष्टी सापडल्या नाहीत' अशा अर्थाची एक ओळ असते, तिच्याखाली बहुतेक अंडरस्कोअरने सुरू होणारी नावं रांगेत असतात, आणि एसएसएल नसेल तर त्याबद्दल वेगळी ओळ येते की ओपनएसएसएल १.१.१ किंवा त्यापुढचं लागेल. अडचण अशी की मेक आणि इन्स्टॉल आपण एकाच ओळीत जोडून देतो आणि चहाला जातो. परत येईपर्यंत इन्स्टॉलच्या शेकडो ओळी त्या यादीवरून वाहून गेलेल्या असतात. म्हणून माझा नियम आहे: मेक आणि इन्स्टॉल कधीही एका दमात चालवायचं नाही. मेक झालं की थांबायचं, ती यादी वाचायची आणि मगच पुढे. यादीत टीकेइंटर असेल आणि सर्व्हरवर खिडक्या उघडायच्याच नसतील तर सोडून द्या. पण एसएसएल, सीटाइप्स, झेडलिब, एसक्यूलाइट३, बीझेड२, एलझेडएमए यांतलं एक जरी नाव दिसलं तरी परत मागे फिरा. बीझेड२ आणि एलझेडएमए लोक सोडून देतात आणि सहा महिन्यांनी एखादं डेटाचं पॅकेज भलत्याच ठिकाणी फुटतं.

उबंटूवर सोपा मार्ग म्हणजे ॲप्टची बिल्ड-डेप ही सोय. सोर्स-रिपॉझिटरी चालू करून 'पायथन३.१२' साठी बिल्ड-डेप मागितलं की लागणारी सगळी डेव्ह पॅकेजं एका फटक्यात येतात. पॅकेजं टाकल्यावर कॉन्फिगर पुन्हा चालवायला विसरू नका. नुसतं मेक पुन्हा दिलं तर आधीचाच निर्णय कायम राहतो.

एखादं मॉड्यूल तरीही वगळलं जात असेल तर कॉन्फिगच्या लॉग फाइलमध्ये जा. फाइल हजारो ओळींची असते, वरून वाचायला बसू नका. मॉड्यूलचं नाव शोधा. जिथे 'नो' किंवा 'मिसिंग' असा निकाल लागला आहे त्याच्या थोडं वर, कॉन्फिगरने तपासणीसाठी लिहिलेला इवलासा सी प्रोग्राम दिसेल आणि कंपाइलरने त्यावर काढलेली नेमकी तक्रार दिसेल: अमुक हेडर फाइल नाही, किंवा अमुक नावाचं फंक्शन लिंक होत नाही. पहिल्या प्रकारात डेव्ह पॅकेज नाही. दुसऱ्या प्रकारात पॅकेज आहे, पण जुन्या आवृत्तीचं आहे किंवा भलत्याच जागेवरचं उचललं गेलं आहे. हा फरक कळला की निम्मं काम झालं.

जुन्या मशीनवर हे जास्त झोंबतं. पायथन ३.१० पासून ओपनएसएसएल १.१.१ हे किमान आहे, आणि सेंटओएस ७ मध्ये मूळचं १.०.२ आहे. तिथे डेव्ह पॅकेज टाकूनही एसएसएल बांधलं जात नाही. मग लोक ओपनएसएसएल स्वतः बिल्ड करून विथ-ओपनएसएसएल या पर्यायाने त्याचा मार्ग देतात, आणि सोबत विथ-ओपनएसएसएल-आरपाथला 'ऑटो' देतात, म्हणजे चालतानाही तीच लायब्ररी सापडावी. इथवर ठीक. पण नंतर इंपोर्ट होतं, आवृत्ती बरोबर दिसते, आणि पहिल्याच एचटीटीपीएस कॉलला सर्टिफिकेट पडताळणी फसते. कारण विश्वासू सर्टिफिकेटं कुठे शोधायची हा मार्ग ओपनएसएसएलच्या आत त्याच्या बिल्डच्या वेळीच कोरला जातो. तुम्ही ते स्वतःच्या वेगळ्या फोल्डरसाठी बिल्ड केलं, तिथे सर्टिफिकेटांचा पत्ताच नाही. एसएसएल मॉड्यूलमध्ये गेट-डीफॉल्ट-व्हेरिफाय-पाथ्स हे फंक्शन आहे, ते चालवलं की तो मार्ग लगेच दिसतो. उपाय पायथनच्या बिल्डमध्ये नाहीच. ओपनएसएसएल बिल्ड करताना त्याचा ओपनएसएसएलडिर हा पर्याय सिस्टिमच्या जागेकडे वळवायचा: डेबियन-उबंटूवर /ईटीसी/एसएसएल, रेड हॅट घराण्यात /ईटीसी/पीकेआय/टीएलएस. इतके तास लोकांनी पायथनमध्ये घालवलेले मी बघितले आहेत आणि दोष दोन मजले खाली असतो.

आता तुमची दुसरी तक्रार, आवृत्तीची. ही मला जास्त गंभीर वाटते, कारण एसएसएल नसलं तर निदान कळतं तरी.

एनेबल-शेअर्ड दिलं की इंटरप्रिटरचा जवळजवळ सगळा जीव लिबपायथन नावाच्या शेअर्ड लायब्ररीत जातो. बिन फोल्डरमधली पायथन ही फाइल अगदी किरकोळ उरते: सुरू व्हायचं, लायब्ररी शोधायची आणि तिच्या हाती सूत्रं द्यायची. ही लायब्ररी कुठे शोधायची हे लिनक्सचा लोडर ठरवतो. तुम्ही मार्ग सांगितलेला नसेल तर तो सिस्टिमच्या नेहमीच्या जागा बघतो. उबंटूवर व्हिम किंवा जीडीबीबरोबर सिस्टिमची लिबपायथन ३.१२ आलेली असते. लोडरसाठी नाव महत्त्वाचं, आणि त्या नावात ३.१२ एवढंच असतं, शेवटचा ३ की ८ हे नसतं. मग तुमची ३.१२.८ ची फाइल उठते आणि ३.१२.३ ची लायब्ररी उचलते. स्टँडर्ड लायब्ररीतल्या पायथन फाइली मात्र तुमच्या फोल्डरमधून, म्हणजे ३.१२.८ च्या घेतल्या जातात. देह एकाचा आणि प्राण दुसऱ्याचा, आणि तरी बहुतेक कामं चालतात, म्हणून हे महिनोन् महिने लक्षात येत नाही. ज्या सुरक्षेच्या दुरुस्तीसाठी नवी आवृत्ती बांधली ती प्रत्यक्षात चालतच नसते. सिस्टिमची लिबपायथन मुळीच नसती तर लोडरने शेअर्ड ऑब्जेक्ट सापडत नाही म्हणून पहिल्याच झटक्याला अडवलं असतं, आणि ते खरं तर बरं झालं असतं.

खात्री करायला एलडीडी ही कमांड तुमच्या नव्या पायथनच्या फाइलवर चालवा. लिबपायथनच्या ओळीत बाणाच्या उजवीकडे जो मार्ग दिसेल तीच खरी लायब्ररी. तिथे तुमच्या इन्स्टॉलच्या फोल्डरऐवजी /यूएसआर/लिब दिसलं की तुमचं निदान झालं.

उपाय दोन. शेअर्ड खरंच हवं असेल तर कॉन्फिगरच्या वेळी एलडीफ्लॅग्जमध्ये (लिंकरला द्यायच्या सूचनांत) आरपाथ द्या, म्हणजे लायब्ररीचा पक्का मार्ग फाइलीतच कोरला जातो. एलडी-लायब्ररी-पाथ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावून ठेवण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिसतो. तो मी देणार नाही. तुमच्या शेलमध्ये ते असतं, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीत) नसतं, सिस्टिमडीच्या सर्व्हिसमध्ये नसतं, आणि सुडोतून तर ते गाळलंच जातं. एकच प्रोग्राम हाताने चालवला तर एक पायथन आणि रात्री क्रॉनने चालवला तर दुसरं, असा प्रकार होतो.

दुसरा उपाय म्हणजे शेअर्ड काढूनच टाका. तुम्हाला ते का हवं होतं ते प्रश्नात नाही, आणि मला वाटतं तुम्हाला त्याची गरज नाही. दुसऱ्या प्रोग्रामच्या पोटात पायथन बसवायचं असेल तेव्हा ते लागतं: अपाचेचं मॉड-डब्ल्यूएसजीआय, पोस्टग्रेसमधली पीएल-पायथन, पायइन्स्टॉलरने बांधलेले प्रोग्राम. नमपाय किंवा सायकोपीजीसारख्या पॅकेजांना ते लागत नाही. पायथन ३.८ पासून युनिक्सवर सी एक्स्टेन्शन्स (पॅकेजांतले सीमध्ये लिहिलेले भाग) लिबपायथनला लिंकच केली जात नाहीत. डेबियन आणि उबंटू स्वतःची पायथन फाइल लिबपायथन आत भरूनच देतात. फेडोरा मात्र शेअर्ड देतं, आणि त्याचा वेगावर बरेच दिवस परिणाम होता, कारण शेअर्ड लायब्ररीतली फंक्शन्स बाहेरून कुणी बदलू शकतो असं धरून जीसीसी हा कंपाइलर त्यांना एकमेकांत विरघळवत नाही. ती मुभा काढून घेणारा एक फ्लॅग आहे. पायथन ३.१० पासून, एनेबल-ऑप्टिमायझेशन्स दिलं की तो जीसीसीला आपोआप जातो, आणि शेअर्ड बिल्डचा वेग त्याने ३० टक्क्यांपर्यंत वाढतो असं त्या आवृत्तीच्या टिपणांत नोंदलं आहे. म्हणजे शेअर्ड द्यायचंच असेल तर ऑप्टिमायझेशन्सशिवाय देऊ नका.

या एनेबल-ऑप्टिमायझेशन्सबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण नावावरून ते ओ२, ओ३ या कंपाइलरच्या वेग-सुधारणेच्या पातळ्यांसारखं काहीतरी वाटतं. ओ३ पायथनच्या बिल्डला तसाही मिळतो. हा पर्याय नाटकाच्या रंगीत तालमीसारखा आहे. आधी पायथन एकदा बांधलं जातं, पण आत मोजणी करणारा कोड पेरून. मग त्या पायथनवर टेस्टचा एक निवडक संच चालवतात, आणि कोणती शाखा किती वेळा घेतली, कोणतं फंक्शन किती वेळा हाक मारलं गेलं, याचे आकडे छोट्या छोट्या फाइलींत साठतात. मग सगळं पुसून, ते आकडे कंपाइलरच्या हाती देऊन पायथन दुसऱ्यांदा बांधलं जातं. इंटरप्रिटरच्या गाभ्यात बाइटकोडमागून बाइटकोड उचलणारं एक अवाढव्य वळण असतं. त्यात कुठली वाट वर्दळीची आणि कुठली वर्षाकाठी एकदा लागणारी, हे कंपाइलरला सोर्स वाचून कळणं शक्य नसतं. तालमीनंतर त्याला ते कळतं आणि वर्दळीचा कोड तो सलग ठेवतो. म्हणून हा फायदा खरा आहे आणि प्रॉडक्शनच्या बिल्डला तो मी नेहमी देते. बिल्डचा वेळ मात्र कित्येक पटींनी वाढतो, तेव्हा नुसतं करून बघत असताना तो देऊ नका. आधी साधं बिल्ड करून मॉड्यूल्सची यादी स्वच्छ करा, शेवटच्या फेरीला तो लावा.

सोबत विथ-एलटीओ हा पर्यायही द्या. एकेक सी फाइल सुटी न बघता लिंक करताना सगळ्या एकत्र बघून सुधारणा करायची, एवढाच त्याचा अर्थ. त्याला मेमरी बरीच लागते. एक-दोन जीबीच्या छोट्या क्लाउड मशीनवर लिंकर मध्येच मारला गेला तर कंपाइलरला दोष देऊ नका. मेकला दिलेला जेचा आकडा (एका वेळी किती कामं चालवायची तो) कमी करा.

आता मार्च-नेटिव्ह. हा पर्याय काढा, आणि का ते समजून घ्या, कारण यात मी स्वतः पोळले आहे.

एका ठिकाणी नव्या मशीनवर पायथन बांधलं होतं, सीफ्लॅग्जमध्ये मार्च-नेटिव्ह देऊन. म्हणजे कंपाइलरने त्या मशीनच्या प्रोसेसरला कळतील त्या सगळ्या सूचना वापरायला मोकळीक घेतली. तेच फोल्डर जुन्या सर्व्हरवर नेलं. पायथन सुरू होतानाच 'इललीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून पडलं. कारण उघड होतं. पर्याय काढून पुन्हा बांधलं, जुन्या सर्व्हरवर नेलं, सुरू झालं, सगळे खूश. दोन दिवसांनी एक पॅकेज इंपोर्ट करताच पुन्हा तीच एरर. पॅकेज काढून पुन्हा टाकलं, तरी तीच. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट नवी केली, तरी तीच. दिवसभर आम्ही जुन्या सर्व्हरच्या रॅमवर संशय घेत होतो.

झालं असं होतं: कॉन्फिगरला दिलेले सीफ्लॅग्ज इंटरप्रिटर बांधून संपत नाहीत. ते सिसकॉन्फिगमध्ये (पायथन कसं बांधलं याची माहिती देणाऱ्या मॉड्यूलमध्ये) नोंदले जातात, आणि पुढे पिपने एखादं सी पॅकेज त्या पायथनवर बांधलं की सेटअपटूल्स तेच फ्लॅग तिथून उचलतं. पहिल्या पायथनवर बांधलेलं ते पॅकेज मार्च-नेटिव्हनेच बांधलं गेलं होतं. पिप असं बांधलेलं व्हील (तयार पॅकेजाची फाइल) स्वतःच्या कॅशमध्ये जपून ठेवतं. आमचं होम फोल्डर दोन्ही मशीनवर सामाईक होतं. व्हीलच्या नावात पायथनची आवृत्ती आणि प्लॅटफॉर्म असतो, प्रोसेसरची पिढी नसते. त्यामुळे प्रत्येक 'नवीन' इन्स्टॉलला पिप प्रामाणिकपणे तेच जुनं व्हील काढून देत होतं. पिपची कॅश साफ केल्यावर पाच मिनिटांत सगळं सुरळीत.

म्हणून लक्षात ठेवा: जो फ्लॅग फक्त इंटरप्रिटरपुरता हवा तो सीफ्लॅग्जमध्ये देऊच नका. त्यासाठी सीफ्लॅग्ज-नोडिस्ट हे वेगळं व्हेरिएबल आहे. त्यातलं काही पुढच्या पॅकेजांपर्यंत जात नाही. लिंकरसाठी तसंच एलडीफ्लॅग्ज-नोडिस्ट आहे. उलट काही फ्लॅग पॅकेजांपर्यंत पोचावेत अशीच इच्छा असते. पर्फ या लिनक्सच्या साधनाने प्रोफाइलिंग करायचं (वेळ कुठे जातो ते मोजायचं) तर फ्रेम पॉइंटर राखणारा फ्लॅग इंटरप्रिटरलाही हवा आणि एक्स्टेन्शन्सनाही हवा, नाहीतर कॉलची साखळी मध्येच तुटते. तो सीफ्लॅग्जमध्ये द्या.

बिल्डच्या वेळचा निर्णय इंटरप्रिटरच्या बाहेर कुठवर जातो याचं सगळ्यात बोलकं उदाहरण जुनं आहे, आणि मराठी वाचकाला ते जवळचं वाटेल. पायथन २ मध्ये एनेबल-युनिकोड, आणि पुढे ३.२ पर्यंत विथ-वाइड-युनिकोड, असा एक पर्याय होता: यूसीएस२ की यूसीएस४. पहिल्यात एका अक्षराला दोन बाइट, दुसऱ्यात चार. आपली देवनागरी यू+०९०० पासून सुरू होते, दोन बाइटांत आरामात मावते, म्हणून आपलं काही अडत नसे. मोडी मात्र युनिकोडमध्ये २०१४ साली, ७.० या आवृत्तीत आली, आणि तिची जागा यू+११६०० पासून पुढे, म्हणजे दोन बाइटांच्या पलीकडे. यूसीएस२ ने बांधलेल्या पायथन २.७ मध्ये मोडीतल्या एकाच अक्षराची लांबी विचारली तर उत्तर दोन यायचं. शब्दाचा तुकडा काढला तर अक्षराच्या मधोमध सुरी फिरायची. तोच प्रोग्राम यूसीएस४ वाल्या पायथनवर अगदी बरोबर चालायचा. कोडमध्ये काही चूक नाही, फरक फक्त इंटरप्रिटर कुणी कसा बांधला यात.

आणि हे तिथेच थांबत नव्हतं. २.७ च्या सोर्समध्ये न सांगता मिळणारा पर्याय यूसीएस२ होता, पण लिनक्स वितरणं यूसीएस४ ने बांधत. म्हणजे कुणी काही पर्याय न देता, अगदी साळसूदपणे, सोर्समधून बांधलं तरी सिस्टिमच्या पायथनसाठी बांधलेली एक्स्टेन्शन्स त्यावर चालत नसत. पाय-युनिकोड-यूसीएस४ ने सुरू होणारं सिंबल सापडत नाही म्हणून एरर येई. व्हीलच्या नावात सीपी२७एम आणि सीपी२७एमयू असे दोन प्रकार त्यामुळेच ठेवावे लागले. २०१२ साली आलेल्या ३.३ मध्ये हा पर्यायच काढून टाकला गेला; तेव्हापासून प्रत्येक स्ट्रिंग आपल्या मजकुराप्रमाणे एक, दोन किंवा चार बाइट वापरते. त्या दुरुस्तीबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते.

आजचा त्याच जातीचा पर्याय म्हणजे डिसेबल-जीआयएल, ३.१३ पासून मिळणारा. ग्लोबल इंटरप्रिटर लॉकविना, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणाऱ्या कुलपाविना, पायथन. ३.१३ मध्ये तो प्रायोगिक होता, ३.१४ पासून अधिकृतपणे पाठबळ असलेला आहे. या बिल्डच्या नावाला टी जोडलेला असतो आणि त्याला वेगळी व्हील्स लागतात, अगदी सीपी२७एमयूसारखं. शिवाय एखाद्या सी एक्स्टेन्शनने 'मला लॉकविना चालता येतं' असं जाहीर केलेलं नसेल तर ते इंपोर्ट होताच लॉक एका सूचनेसह परत चालू होतो. तेव्हा बिल्डवर विसंबू नका. सगळे इंपोर्ट झाल्यावर सिस मॉड्यूलमधल्या इज-जीआयएल-एनेबल्ड या फंक्शनला विचारा. एकाच थ्रेडवर चालणाऱ्या कोडचा वेग ३.१४ मध्ये साधारण ५ ते १० टक्के कमी होतो, हेही हिशोबात धरा.

३.१४ मधला टेल-कॉल इंटरप्रिटरचा (बाइटकोड चालवण्याच्या वेगळ्या पद्धतीचा) पर्याय क्लँग हा कंपाइलर १९ किंवा पुढचा असेल तरच चालतो. त्याबद्दल सुरुवातीला ९ ते १५ टक्के वेग वाढल्याचे आकडे आले होते. नंतर लक्षात आलं की क्लँग १९ मधल्या एका बगमुळे तुलनेचा जुना इंटरप्रिटरच मंद बांधला गेला होता. खरा फायदा सुमारे ३ ते ५ टक्के निघाला. पायथनच्या गाभ्यावर काम करणाऱ्या जाणकारांचं असं होऊ शकतं, तर कुणाच्या तरी लेखातल्या आकड्यावरून तुम्ही पर्याय निवडू नका. तुमचाच प्रोग्राम दोन्ही बिल्डवर चालवून मोजा.

विथ-पायडीबग तुम्ही दिलेला नाही हे उत्तम. तो सी एक्स्टेन्शन लिहिणाऱ्यांसाठी आहे: गाभ्यातल्या सगळ्या असर्शन्स जाग्या होतात, रेफरन्स मोजता येतात, आणि सगळं खूप हळू होतं. पण अनेकांना त्यातून जे हवं असतं त्यासाठी बिल्डची गरजच नसते. मेमरीच्या चुका पकडायला पायथन-मॅलॉक हे व्हेरिएबल डीबगवर ठेवता येतं, आणि चालवताना एक्स-डेव्ह दिलं की पुष्कळशा तपासण्या साध्या बिल्डवरही चालू होतात. आधी हे करून बघा. एका पर्यायाची मात्र आठवण करून देते: एसक्यूलाइटची एक्स्टेन्शन्स वापरायची असतील, उदाहरणार्थ नकाशांसाठी स्पॅशियालाइट, तर एनेबल-लोडेबल-एसक्यूलाइट-एक्स्टेन्शन्स आत्ताच द्या. तो नसेल तर एसक्यूलाइट३ नीट इंपोर्ट होतं, पण कनेक्शनवर ते फंक्शनच नसतं, आणि त्यासाठी सगळं बिल्ड परत करावं लागतं.

तर तुमच्यासाठी माझी ओळ अशी:

./कॉन्फिगर --प्रीफिक्स=/ऑप्ट/पायथन-३.१२.८ --एनेबल-ऑप्टिमायझेशन्स --विथ-एलटीओ

एवढंच. प्रीफिक्समध्ये पूर्ण आवृत्ती ठेवा, म्हणजे उद्या पुढची आवृत्ती शेजारी बांधता येईल आणि बिघडलं तर मागे जाता येईल. प्रीफिक्स न दिल्यास सगळं /यूएसआर/लोकलमध्ये जातं. तिथे साधं इन्स्टॉल केलं तर पायथन३ हे नाव तुमचं पायथन बळकावतं, आणि सिस्टिमचं पायथन अपेक्षित असलेल्या स्क्रिप्ट्सना भलतंच मिळतं. म्हणून वेगळं प्रीफिक्स असलं तरी मी ऑल्ट-इन्स्टॉलच करते, ते फक्त पायथन३.१२ हेच नाव तयार करतं. सोर्सचं जे फोल्डर तुम्ही आधी वापरलंत ते डिस्टक्लीनने पूर्ण साफ करा, किंवा सरळ टारबॉल नव्याने उलगडा. आधीच्या पर्यायांनी बांधलेल्या ऑब्जेक्ट फाइली तिथे पडून असतील तर नवी ओळ कितीही शुद्ध असली तरी उपयोग नाही.

बांधून झाल्यावर नव्या पायथनवर सिसकॉन्फिग मॉड्यूल डॅश-एम ने चालवा. पर्लवाले जसं डॅश-व्ही मोठ्या अक्षरात देऊन आपला इंटरप्रिटर कसा बांधला ते बघतात, तसंच हे. कॉन्फिग-आर्ग्जच्या ओळीत तुम्ही दिलेले पर्याय दिसतील आणि सीफ्लॅग्जच्या ओळीत पुढच्या पॅकेजांना मिळणारे फ्लॅग. तिथे मार्च-नेटिव्हचा मागमूस नको. मग एसएसएल, सीटाइप्स, एसक्यूलाइट३, बीझेड२, एलझेडएमए, झेडलिब एकाच ओळीत इंपोर्ट करून बघा, एसएसएलला त्याची ओपनएसएसएल आवृत्ती विचारा, आणि शेवटी एलडीडी चालवा. शेअर्ड दिलेलं नसल्यामुळे लिबपायथनची ओळ दिसायलाच नको.

हे सगळं जमल्यावर, ॲप्लिकेशन सुरू करण्याआधी, जुनी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट काढून टाका आणि पिपची कॅश रिकामी करा. तुमच्या पहिल्या बिल्डवर काही सी पॅकेजं बांधली गेली असतील तर ती मार्च-नेटिव्हची व्हील्स अजून तिथेच आहेत.